अर्ज कोणी केले, तेही जाहीर करा

प्रति,
महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद,
तथा सचिव, आरोग्य संशोधन विभाग,
नवी दिल्ली.

विषय : संशोधन अनुदाने आणि प्रशिक्षण शिष्यवृत्त्या यांसाठी अर्ज करणाऱ्यांची व निवड झालेल्यांची वर्गवार आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करण्याबाबत.

महोदय,

मी विदर्भातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गेली एकोणीस वर्षे जनऔषधवैद्यकशास्त्र शिकवते. आरोग्याकडे एकेका रुग्णापेक्षा लोकसमूहाच्या पातळीवर पाहणाऱ्या या विषयाचे विद्यार्थ्यांच्या तोंडी नाव पीएसएम असे आहे, आणि या विषयात एमबीबीएसच्या मुलांकडून सर्वांत आधी घोटून घ्यावी लागते ती अंश आणि छेद यांची समज. रुग्णालयात सर्पदंशाचे चाळीस रुग्ण दगावले, एवढ्यावरून काहीही ठरवता येत नाही. किती जणांना साप चावला, त्यांतले किती दवाखान्यापर्यंत पोहोचले आणि किती वाटेतच राहिले, हे कळले म्हणजे त्या चाळिसाचा अर्थ लागतो. परिषद आपल्या निवडलेल्या प्रस्तावांच्या याद्या संकेतस्थळावर लावते, ही प्रथा चांगलीच आहे. परंतु त्या याद्या म्हणजे केवळ अंश आहे. अनुदान कोणाला मिळाले ते त्यांवरून कळते, मागितले कोणी होते ते कळत नाही.

माझी आपणांस विनंती आहे की प्रत्येक अनुदानाच्या आणि शिष्यवृत्तीच्या निकालासोबत एक साधा तक्ता प्रसिद्ध व्हावा. अर्ज करणाऱ्यांत स्त्रिया किती होत्या, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांतील संशोधक किती होते, केंद्रीय संस्था, महानगरांतली महाविद्यालये आणि जिल्ह्याच्या ठिकाणची महाविद्यालये यांतून प्रत्येकी किती अर्ज आले, पहिल्यांदाच अर्ज करणारे किती होते, आणि या प्रत्येक गटातल्या किती जणांना होकार मिळाला, एवढेच त्या तक्त्यात हवे. आपण परिषदेचे महासंचालक आणि आरोग्य संशोधन विभागाचे सचिव अशी दोन्ही पदे सांभाळता, त्यामुळे परिषदेची अनुदाने आणि विभागाच्या प्रशिक्षण योजना या दोन्हींना लागू होईल असा निर्णय आपल्या एका सहीने होऊ शकतो. म्हणून हे पत्र आपल्याच नावे लिहीत आहे.

ही मागणी माझ्या मनात कशी पक्की झाली, ते एका विद्यार्थिनीच्या निमित्ताने सांगते. तिचे नाव इथे देत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहान गावची ही मुलगी, घरी गोंडी बोलणारी, घराण्यातली पहिली डॉक्टर. तिचा धाकटा भाऊ एसएस पॅटर्नचा. आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला एसएस पॅटर्न आणि स्वतः आजारी नसलेल्या वाहकाला एएस पॅटर्न म्हणतात, आणि ज्यांनी शाळेत इंग्रजीची अक्षरे धड गिरवली नाहीत अशा आयाबायाही हे शब्द सराईतपणे वापरतात. दुसऱ्या वर्षात असताना ती परिषदेच्या अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजनेसाठी विषय घेऊन माझ्याकडे आली. १९७९ पासून चालू असलेली ही योजना मला फार मोलाची वाटते, कारण एमबीबीएसच्या मुलाला दोन महिने एखाद्या प्रश्नामागे लागण्याची संधी देणारी दुसरी व्यवस्था देशात जवळजवळ नाही. तिचा प्रश्न असा होता, की तपासणी शिबिरात मिळालेले, निकाल लिहिलेले सिकलसेलचे कार्ड घरी गेल्यावर कुठे ठेवले जाते?

मी एकोणीस वर्षांत हा प्रश्न विचारला नव्हता. आम्ही तपासणी किती झाली ते मोजत होतो, कार्डे किती वाटली ते मोजत होतो. ते कार्ड लोखंडी पेटीत लुगड्याच्या घडीखाली जाते, मुलीचे लग्न जुळवायला पाहुणे येतात त्या दिवशी तर शेजारच्या घरी जाते, आणि त्यामुळे दोन एएस पॅटर्नच्या माणसांचे लग्न होऊन एसएस पॅटर्नचे मूल जन्मू नये हा ज्या समुपदेशनाचा हेतू आहे ते समुपदेशन ऐन वेळी निकामी ठरते, हे तिला ठाऊक होते, कारण तिने ते स्वतःच्या घरात पाहिले होते.

एका आश्रमशाळेच्या पडवीत आम्ही दोघी शिबिरासाठी बसलो होतो, तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. विद्राव्यता चाचणीसाठी काचेच्या लहान नळीत द्रावण घ्यायचे, बोटाला टोचून आलेले रक्त त्यात सोडायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि नळीच्या मागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा पुसल्यासारख्या झाल्या, की ते मूल पुढच्या तपासणीला पाठवायचे, कारण ते एएस आहे की एसएस हे या नळीवरून कळत नाही. रांगेतल्या एका मुलीच्या नळीमागच्या रेघा दिसेनात, तेव्हा माझ्या विद्यार्थिनीने तो कागद पटकन पालथा घातला आणि त्या मुलीला गोंडीत काहीतरी विचारून हसवले. तू काय बोललीस, असे मी नंतर विचारले. ती म्हणाली, “मॅडम, बाकीच्या पोरींनी पाहिलं असतं तर रात्री वसतिगृहात तिला कोणी जवळ झोपू दिलं नसतं.” संशोधनात विविधता कशासाठी हवी, याचे याहून नेमके उत्तर मला कुठल्याही धोरणपत्रात सापडलेले नाही.

तिची निवड झाली. तिने दोन महिने काम केले, एसटीने फिरली, छायाप्रतींपासून प्रवासापर्यंतचा सगळा खर्च स्वतः केला. या योजनेत विद्यावेतन अहवाल मान्य झाल्यावरच मिळते आणि अहवालाला नैतिकता समितीची मान्यता जोडावी लागते, हे दोन्ही नियम त्यांच्या जागी रास्त आहेत. मात्र आमच्या संस्थेतील समितीची बैठक दोनदा पुढे ढकलली गेली, मान्यतापत्र उशिरा हाती आले आणि अहवालाची मुदत टळली. विद्यावेतन नाही आणि प्रमाणपत्रही नाही. त्याच वर्षी अशाच अडचणीत सापडलेल्या, पण आईवडील डॉक्टर असलेल्या एका मुलाला घरून पैसे मिळाले आणि अनुभवी काकांकडून पुढचा मार्गही कळला. त्या मुलाविषयी माझ्या मनात काडीचाही आकस नाही. मला एवढेच सांगायचे आहे, की वर्षअखेरीस अहवाल मान्य झालेल्यांची जी यादी लागली तिच्यात या मुलीचे नाव नव्हते, आणि ती यादी पाहणाऱ्याला अशी एक मुलगी होती हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

प्रश्न कोण विचारतो यावर विज्ञानाचे फलित किती अवलंबून असते, हे महाराष्ट्राने अनेकदा पाहिले आहे. १९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असाच हिशेब सगळीकडे धरला जात होता. त्याच जिल्ह्यात, गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत वापरून पाहिली गेली. नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई त्या धर्तीवर घरोघर जाऊ लागल्या. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाच्या दंशाने तडफडणारी माणसे रात्र रात्र जागून पाहत होते. त्या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि प्राझोसिन या औषधाच्या वापराने चाळीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर एक टक्क्यापर्यंत खाली आणता आला. विंचू ज्या भागात चावतो त्या भागात अभ्यासू माणूस बसलेला होता, म्हणून हे घडले.

ही उदाहरणे आपल्याला पाठ असतील. ती सांगताना आपण सारे त्या व्यक्तींच्या जिद्दीचा गौरव करतो आणि तो योग्यच आहे. पण जिद्दीवर धोरण उभे करता येत नाही. जिथे रोग आहे तिथे संशोधक तयार व्हावा, तो टिकावा आणि त्याला पैसा मिळावा, हे व्यवस्थेने घडवून आणायचे असते.

ती व्यवस्था आज किती एका बाजूला कललेली आहे, याचा एक अंदाज डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दिला होता. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून, म्हणजे ५७.३ टक्के संस्थांतून, एकही शोधनिबंध प्रसिद्ध झाला नव्हता. वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था केवळ २५ होत्या आणि देशाच्या एकूण निबंधांपैकी ४०.३ टक्के त्यांच्याकडून आले होते. त्यानंतर पदोन्नतीसाठीच्या निबंधांच्या अटी बदलल्या, संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम आला, त्यामुळे आजचे आकडे बदललेले असतील. निबंधांची संख्या म्हणजे संशोधन नव्हे, हेही मान्य आहे. तरीही अनुदानाच्या अर्जात आधीचे निबंध, आधीचे प्रकल्प आणि संस्थेतील सुविधा यांना गुण मिळतात, आणि ज्या संस्थेकडे यांतले काहीच नाही तिला ते मिळवण्यासाठी आधी अनुदान लागते. चक्र असे फिरत राहते, की ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आणखी जाते, आणि यात कोणीही कोणावर जाणूनबुजून अन्याय केलेला नसतो. म्हणूनच हे दिसत नाही. एकेका अर्जाचा निर्णय योग्य असू शकतो आणि हजार योग्य निर्णयांची बेरीज तरीही असमान निघू शकते. ती बेरीज पाहायची असेल तर छेद लागतो.

जिल्ह्याच्या महाविद्यालयातला संशोधक कोणत्या परिस्थितीत अर्ज लिहितो, हे थोडे विस्ताराने सांगते, कारण दिल्लीहून ते दिसणे अवघड आहे. आमच्याकडे प्रकल्पाचे हिशेब ठेवणारा वेगळा माणूस नसतो. ज्या लिपिकाकडे शवविच्छेदनाच्या भत्त्यांपासून वसतिगृहाच्या वीजबिलापर्यंत सगळे असते, त्याच्याच टेबलावर प्रकल्पाचे खाते जाते. पैसे फेब्रुवारीत येतात आणि मार्चअखेर ते खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र मागितले जाते. प्रकल्प मध्यावर आला असताना मुख्य संशोधकाची बदली होते, किंवा दुसऱ्या महाविद्यालयाच्या तपासणीपुरती त्याला प्रतिनियुक्तीवर पाठवले जाते आणि गावोगावचे पाठपुराव्याचे दिवस चुकतात. अर्जाला अधिष्ठात्यांचे अग्रेषण पत्र लागते. अधिष्ठाता प्रभारी असतील तर तेही अडते. एवढे सगळे सोसून माणूस एकदा अर्ज करतो, दुसऱ्यांदा करतो, आणि तिसऱ्यांदा तो अर्ज करत नाही. तिसऱ्यांदा अर्ज न करणारा हा माणूस कोणत्याही आकडेवारीत येत नाही, म्हणून अर्जांची वर्गवारी दरवर्षी व्हायला हवी. एखाद्या भागातून, एखाद्या गटातून येणारे अर्ज आटत चालले आहेत हे तिच्यावरूनच लक्षात येईल.

यातून पुढे एक रूढीच तयार होते. मोठ्या शहरातली संस्था मुख्य संशोधक असते आणि आमच्यासारखे महाविद्यालय रक्ताचे नमुने गोळा करून देते. शीतपेटी आमच्याकडून निघते, यंत्र तिकडे असते, विश्लेषण तिकडे होते, तरुण संशोधकांचे प्रशिक्षणही तिकडेच होते. अशा एका प्रकल्पात आमच्या विभागाने आठ महिन्यांत शेकडो कुटुंबांपर्यंत पोहोचून नमुने जमवले. निबंधात शेवटच्या ओळीत आमचे आभार होते आणि ज्या आशाताईंमुळे दारे उघडली त्यांचा तेवढाही उल्लेख नव्हता. ज्यांनी रक्त दिले त्यांना निष्कर्ष काय निघाले ते कोणी सांगितले नाही. मी सांगायला गेले, कारण मला त्या गावांत पुन्हा जायचे होते. संस्थेचे नाव मी सांगणार नाही, कारण असे वागणारी ती एकटी नाही, आणि तिथल्या लोकांना आपण काही वावगे करतो आहोत असे वाटतही नसावे.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली आणि सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले १ जुलै २०२३ रोजी. १७ राज्ये, २७८ जिल्हे, सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, अशी त्याची उद्दिष्टे आहेत. मधली एकाहत्तर वर्षे हा रोग नवा नव्हता. ज्यांना तो होतो त्यांच्यातले कोणी अनुदानाच्या समितीत किंवा मुख्य संशोधकांत असलेच तर क्वचित असतील, आणि ज्या जिल्ह्यांत तो आहे त्यांतल्या अनेक ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालये नव्हती. आता नंदुरबारला महाविद्यालय आहे, गडचिरोलीला आहे, चंद्रपुरात हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी परिषदेच्या मुंबईतील संस्थेचे केंद्र आहे आणि डहाणूला ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. ही पावले परिषदेने आणि शासनाने उचलली, याचे मनापासून स्वागत करते. या ठिकाणांहून येत्या पाच वर्षांत किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले, हे मोजले तरच ही पावले कुठवर गेली ते समजेल.

स्त्रियांविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने कमला भागवत यांना त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला होता. त्यांनी हट्ट धरला, एक वर्ष अटीवर काम करून दाखवले, १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, आणि पुढे कमला सोहोनी या नावाने नीरेच्या पोषणमूल्यावर जे काम केले ते कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी होते. ज्यांनी असा हट्ट धरला नाही त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. आज नियमाने कोणालाही नकार दिला जात नाही, परंतु वयाचे गणित तेच काम करते. एमबीबीएस आणि आंतरवासिता, त्यानंतर बंधपत्राची म्हणजे सक्तीची शासकीय सेवा, मग पदव्युत्तर शिक्षण, असे करता करता मुलगी तिशीला येते. तरुण संशोधकांच्या योजनांची वयोमर्यादा आणि तिच्या बाळंतपणाची वर्षे एकाच वेळी येतात. खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांसाठी आरोग्य संशोधन विभागाची शिष्यवृत्ती आहे, वयातही सवलत असते. ती पुरेशी आहे का? मला पुरेशी वाटत नाही, परंतु माझ्या वाटण्याला किंमत नाही. खंड पडलेल्या किती जणींनी अर्ज केला, किती जणी परतल्या आणि पाच वर्षांनी त्यांतल्या किती जणी संशोधनात होत्या, हे आकडे समोर आले तर त्यावर बोलता येईल.

भाषेचा मुद्दा मी सहसा कोणाजवळ बोलत नाही, कारण इंग्रजी न येण्याची सबब म्हणून तो उडवून लावला जातो. परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत संमतिपत्र द्यावे लागते, आणि ते तत्त्व आम्ही मनापासून पाळतो. माझ्या विद्यार्थिनीने तिचे संमतिपत्र मराठीत आणि गोंडीत लिहिले होते, आणि गोंडीतला मजकूर मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा एका म्हाताऱ्याने तिला दोन शब्द दुरुस्त करून दिले. तीच मुलगी प्रस्तावाचा इंग्रजी मसुदा लिहिताना अडखळत होती. तिच्या कल्पनेत उणीव नव्हती. तिला ती परीक्षकाला रुचेल अशा इंग्रजीत मांडता येत नव्हती. अर्ज मराठीत घ्यावेत असे मी म्हणत नाही. प्राथमिक कल्पना एका पानात कोणत्याही अनुसूचित भाषेत मांडता यावी आणि ती पसंत पडल्यास पूर्ण प्रस्ताव लिहिण्यासाठी एखादा अनुभवी मार्गदर्शक जोडून द्यावा, इतके तर जमण्यासारखे आहे.

या सगळ्यावर नेहमी येणारा आक्षेप गुणवत्तेचा असतो, आणि तो मी गंभीरपणे घेते. सार्वजनिक पैसा उत्तम प्रस्तावालाच मिळाला पाहिजे, यात माझे दुमत नाही. माझा प्रश्न एवढाच, की आपण ज्याला उत्तम म्हणतो ते खरोखर कसे ठरते, हे आपण कधी तपासून पाहिले आहे का? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपली अर्जांची माहिती संशोधकांना अभ्यासासाठी दिली. २००० ते २००६ या काळातील ८३ हजारांहून अधिक अर्जांच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. शिक्षण, प्रशिक्षण, आधीची अनुदाने आणि निबंध हे सारे समान धरल्यावरही कृष्णवर्णीय संशोधकांना अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा १० टक्के-बिंदूंनी कमी होती. २०१९ सालच्या पुढच्या अभ्यासात दिसले, की या तफावतीतला वीस टक्क्यांहून अधिक भाग विषयाच्या निवडीमुळे होता. कृष्णवर्णीय संशोधक समाजाच्या, लोकसमूहांच्या आरोग्यावरचे विषय अधिक घेत होते आणि नेमक्या त्या विषयांना कमी होकार मिळत होते. सिकलसेलचे कार्ड कुठे ठेवतात हा विषय असलेल्या मुलीची मार्गदर्शिका म्हणून हे वाचताना मला काय वाटले असेल, याची आपण कल्पना करू शकाल. २०२५ मध्ये त्याच संस्थेने विविधतेशी निगडित ठरवून शेकडो अनुदाने थांबवली, त्यांत तरुण संशोधकांच्या प्रशिक्षणाचीही होती, आणि प्रकरण न्यायालयांत गेले. तिथल्या राजकारणात मला शिरायचे नाही. परंतु २०११ साली जाहीर झालेले आकडे आजही सर्वांसमोर आहेत आणि कोणत्याही बाजूने बोलणाऱ्याला त्यांची दखल घ्यावी लागते. आपल्याकडे अजून कोणाला दखल घ्यावी लागेल असा आकडाच नाही.

तक्ता तयार करणे अवघड आहे, असे कदाचित आपल्याला सांगितले जाईल. अर्ज संगणकावरच भरले जातात. लिंग, संस्था, राज्य आणि पहिला अर्ज की नाही, एवढी माहिती अर्जातच असते किंवा सहज विचारता येते. सामाजिक प्रवर्गाची माहिती ऐच्छिक असावी, ती परीक्षकांना दिसू नये आणि एखाद्या रकान्यात पाचांहून कमी माणसे असतील तर तो आकडा प्रसिद्ध करू नये, म्हणजे कोणाचीही ओळख उघड होणार नाही. साथीच्या आकडेवारीत आपण हीच खबरदारी घेतो. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रवेशाची वर्गवारी आपल्याकडे दरवर्षी जाहीर होते, मग संशोधनाच्या पैशाची का होऊ नये?

तक्त्यासोबत दोन-तीन गोष्टी झाल्या तर आम्हांला लगेच हात मिळेल. विद्यार्थ्यांच्या योजनेत प्रवासाचा आणि साहित्याचा खर्च अहवालाची वाट न पाहता सुरुवातीलाच द्यावा, आणि संस्थेच्या समितीच्या दिरंगाईमुळे मुदत टळली असेल तर विद्यार्थ्याला ती वाढवून मिळावी. ज्या प्रकल्पात नमुने एखाद्या जिल्ह्यातून घेतले जातात तिथल्या महाविद्यालयातला एक मुख्य संशोधक आणि एक प्रशिक्षणार्थी प्रकल्पात असणे बंधनकारक करावे, आणि त्यांच्या वाट्याचा निधी थेट त्यांच्या संस्थेकडे जावा. नकार दिल्यास त्याची कारणे अशा शब्दांत कळवावीत, की पुढचा अर्ज त्यावरून सुधारता येईल. २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपयांचा निधी उभारण्याचे उद्दिष्ट आहे. परिषदेने आधी आपला तक्ता लावला, तर त्या प्रतिष्ठानाकडेही तीच मागणी करता येईल.

माझी विद्यार्थिनी सध्या एका ग्रामीण रुग्णालयात बंधपत्राची सेवा करत आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. तिच्या रुग्णालयात बाळंतपणाला येणाऱ्या स्त्रियांना ती सिकलसेलच्या कार्डाविषयी विचारते, आणि उत्तरे एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहून ठेवते. सेवा संपल्यावर पुन्हा अर्ज करावा का, असे तिने विचारले. मी कर म्हणाले आहे. येत्या निकालासोबत आपण पहिला तक्ता प्रसिद्ध केलात, तर निवड झाली नाही तरी अर्ज करणाऱ्यांच्या रकान्यात ती मोजली जाईल.

कळावे.

आपली विश्वासू,
सहयोगी प्राध्यापक, जनऔषधवैद्यकशास्त्र विभाग,
विदर्भातील एक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय